बस म्हटलं की बसणारी मुलगी

माझ्या यादीत ती कधीच नव्हती. सुरुवात इथूनच करायला हवी, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

दौंडजवळच्या मुलींच्या एका बालगृहात मी चौदा वर्षं गृहमाता होते. गृहमाता हा कागदावरचा शब्द; मुली मावशी म्हणायच्या. पोलिसांनी आणलेल्या, घरच्यांनी टाकलेल्या, आई-बाप नसलेल्या किंवा असून नसल्यासारख्या अशा तीसेक मुली तिथं असायच्या. त्यांना उठवायचं, विंचरायचं, जेवायला वाढायचं, शाळेत धाडायचं, आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येकीच्या फाइलमध्ये एक फॉर्म भरायचा. माझा आवाज मोठा. न्हावऱ्याला आमच्या मळ्यात दोन वावरं पलीकडच्या माणसाला हाक मारायची सवय, ती इथंही सुटली नाही. लोक मला कडक म्हणायचे आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

महिन्यातल्या एका गुरुवारी पुण्याहून समुपदेशक बाई यायच्या. त्यांच्याकडे दोन तास असायचे, फार तर अडीच. तेवढ्यात तीस मुलींशी बोलणं होणार नाही, म्हणून कोणाला भेटायचं त्याची यादी मी करून ठेवायचे. पाच किंवा सहा नावं. ताट फेकणारी, भिंतीवर डोकं आपटणारी, दुसरीचे केस ओढणारी, पळून जायला निघालेली. थोडक्यात, ज्या मला छळायच्या त्या. बाई त्यांना चित्रं काढायला लावायच्या, मातीशी खेळवायच्या, आणि मी दारातून बघत मनात म्हणायचे, एवढ्यासाठी पुण्याहून यायची काय गरज होती, माती तर आमच्याकडे पण ढिगानं आहे.

पण ताट फेकणारी मुलगी वर्षभरात ताट फेकायची थांबली. ते मी डोळ्यांनी बघितलं. तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

ही मुलगी आली तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेल. दौंड स्टेशनवर एका बाकावर दोन दिवस बसलेली सापडली, एवढंच फाइलमध्ये होतं. स्वतःचं नाव सांगायची, गावाचं सांगता यायचं नाही. बोली जराशी सोलापूरकडची वाटायची. घरच्यांचा शोध झाला, पेपरात फोटो आला, कोणी आलं नाही. मी ती फाइल वाचली होती. दोन दिवस एक लहान मुलगी बाकावरून हलली का नाही, हा प्रश्न वाचणाऱ्या माणसाला पडायला हवा होता. मला पडला नाही. मी फाइल कपाटात ठेवली आणि तिच्या मापाचा फ्रॉक शोधायला गेले.

तिच्यासारखी गुणी मुलगी मी दुसरी बघितली नाही, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगायचे. बस म्हटलं की बसायची. जेवायला ऊठ म्हणेपर्यंत ताटावर यायची नाही, आणि ताटावरून ऊठ म्हणेपर्यंत हात वाळवत बसायची. आंघोळीच्या रांगेत कधी ढकलाढकली नाही. रडणं नाही, हट्ट नाही, भांडण नाही. मी इतर मुलींना ओरडताना तिच्याकडे बोट दाखवायचे. "बघा, जरा तिच्याकडं बघून शिका!" ती मान खाली घालून बसलेली असायची. मला वाटायचं लाजते.

आमच्या स्वयंपाकाच्या आजी मात्र मला एकदा म्हणाल्या होत्या. मी त्या मुलीला कट्ट्यावर बसायला सांगितलं होतं, तिच्या नखांना कातरी लावायची म्हणून. तेवढ्यात तपासणीला साहेब आले आणि मी विसरले. दीड-दोन तासांनी आजी ओल्या हातांनी माझ्या खोलीत आल्या.

"बाई, ती पोरगी आजून कट्ट्यावरच हाय. ऊन आलंय तिच्या अंगावर. म्या म्हणलं सावलीत ये, तर म्हंती मावशीनी हितं बसाय सांगितलंय. हे काय बरं न्हाई. एवढं गप पोर मी कवा बघितलं न्हाई."

"आजी, तुम्ही भाकऱ्या बघा," मी म्हणाले. "ऐकणारी पोरगी एक तरी आहे ह्या घरात, ते पण तुम्हाला बघवत नाही."

आजी पदराला हात पुसत परत गेल्या. त्यानंतर त्यांनी मला कशाबद्दलच काही सांगितलं नाही, आणि मी समजले की आपलं त्यांना पटलं.

मग शाळेतला प्रकार झाला. गुरुजी वर्गाला "जागेवरून हलायचं नाही" असं सांगून ऑफिसात गेले. वर्गातली पोरं कधीच पटांगणात पळाली. ही तिथंच बसून राहिली आणि शेवटी बसल्या जागी फ्रॉक ओला झाला. शाळेनं निरोप पाठवला, मी कपडे घेऊन गेले. वर्गात ती एकटी होती. फरशीवर पाणी, आणि ती त्यातच बसलेली. मी तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणाले, "एवढी मोठी झालीस, उठता येत नव्हतं?" तिनं माझ्याकडे बघितलं. मला अजून ते बघणं आठवतं. उत्तर तिच्याकडं होतं, पण ते विचारणारं माणूस समोर नव्हतं.

त्या महिन्याच्या गुरुवारी समुपदेशक बाईंनी स्वतःहून तिच्याकडे बोट केलं. "ही मुलगी? हिला मी भेटलेच नाही कधी." मी म्हणाले, "तिचं काही नाही हो. ती गुणाची आहे. तुमचा वेळ आधीच कमी, तिच्यावर कशाला घालवता?" बाईंनी घड्याळ बघितलं. यादीत सहा मुली होत्या. त्या यादीतल्या पहिल्या मुलीला घेऊन आत गेल्या. आणि महिनाअखेरीला मी तिच्या फॉर्मवर वर्तणुकीसमोर आणि मानसिक स्थितीसमोर नेहमीचा शब्द लिहिला, समाधानकारक. दोन वर्षं दर महिन्याला मी तोच शब्द लिहिला. अक्षर माझं चांगलं आहे, साहेब लोक वाखाणायचे.

तिसऱ्या वर्षी आमच्या इमारतीचं छप्पर धोक्याचं ठरलं. मुली वेगवेगळ्या संस्थांत पाठवायचा हुकूम आला. शिरूरच्या संस्थेत जायच्या मुली एका गाडीतून गेल्या, पण त्या दिवशी हिला ताप होता, म्हणून ती मागं राहिली. आठवड्यानं तिला मी एसटीनं घेऊन निघाले. चौफुल्याला गाडी बदलली, केडगाव मागं पडलं, भीमेचा पूल आला. तिच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती आणि तिनं ती दोन्ही हातांनी धरली होती.

"मावशी, तुमी बी ऱ्हाणार का तितं?" तिनं विचारलं. तिनं आपण होऊन काही विचारायची ही माझ्या आठवणीतली पहिलीच वेळ.

"बघू गं," मी म्हणाले.

न्हावरं आलं तेव्हा मी तिला खिडकीतून दाखवलं. हे माझं गाव, तो बघ आमच्याकडे जायचा रस्ता, कांद्याच्या चाळी दिसतात ना त्याच्या पलीकडं. तिला बरं वाटावं म्हणून बोलत होते. तिनं पिशवी घट्ट धरली.

"मंग तुमी हितंच उतरणार?"

"नाही गं. तुला पोचवल्याशिवाय कशी उतरेन?"

ती परत बाहेर बघायला लागली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, आणि मी फार वेळ बघितलंही नाही.

आता मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती आमच्याकडच्या घराघरांत आहे. लहान मुलाला कुठं ठेवून जायचं असलं की सांगून जात नाहीत. मूल रडतं, पायाला मिठी मारतं, मग आईचाही पाय निघत नाही. म्हणून कोणीतरी त्याला वासरू दाखवायला नेतं, कोंबड्यांना दाणे टाकायला लावतं, आणि आई मागच्या बाजूनं निघून जाते. गृहमातेच्या ट्रेनिंगला मला महिनाभर जायचं होतं, तेव्हा कवठ्याला माहेरी माझा मुलगा मी असाच ठेवला होता. आई त्याला पुढं गोठ्यात घेऊन गेली, मी मागच्या परड्यातून रस्त्याला लागले. "रडला थोडा, मंग इसारला," आई नंतर म्हणाली. आम्ही बालगृहातही तेच करायचो. कोणती मुलगी दुसरीकडं पाठवायची असली की "मी आलेच हं" म्हणायचं आणि निघायचं. हे कोणी शिकवलं नव्हतं, कुठं लिहिलेलं नव्हतं. पोरं रडतात आणि विसरतात, ह्यावर आमचा सगळ्यांचा विश्वास होता.

शिरूरच्या संस्थेच्या पडवीत फाटकासमोर एक बाक होता. मी तिला म्हणाले, "इथं बस. मी सह्या करून आलेच."

ती बसली.

आत तिथल्या अधीक्षक बाई होत्या, वयानं माझ्या मुलीसारख्या. कागद झाले, फाइल दिली. त्यांनी विचारलं, "मुलीला समजावलंय ना, तुम्ही परत जाणार म्हणून?"

"हो, सांगितलंय," मी म्हणाले.

मग मी विचारलं, इकडून मागून स्टँडकडं निघता येतं का. स्वयंपाकघरातून दार होतं. मी पावलांचा आवाज न करता त्या दारानं बाहेर पडले, भिंतीकडेनं रस्त्यावर आले आणि रिक्षा केली. स्टँडवर चहा घेतला. मला सुटल्यासारखं वाटत होतं. रडारड झाली नाही, पोरगी शहाणी आहे, रुळेल, असं मनात म्हणत मी गाडीत बसले आणि चौफुल्यापर्यंत चक्क झोपले.

तीनेक महिन्यांनी, मी रिकाम्या बालगृहाचं ऑफिस सांभाळत होते तेव्हा, फोन आला. शिरूरच्या संस्थेत दर आठवड्याला एक समुपदेशक यायची, तिचा. तिनं आधी विचारलं की वेळ आहे का, मग म्हणाली, "मुलगी तुमच्याकडं दोन वर्षांवर होती. कोणी तिच्याशी बोललं होतं का? फाइलमध्ये नुसतं समाधानकारक, समाधानकारक लिहिलंय."

माझं डोकंच फिरलं. "मग काय लिहायचं होतं?" मी म्हणाले. "तीस पोरी सांभाळून बघा तुम्ही, मग मला विचारा."

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं, मी फोन आपटला असता. तिनं शांतपणे सांगितलं. स्टेशनवर आईनं मुलीला बाकावर बसवलं होतं. म्हणाली होती, इथं बस, उठू नको, मी आलेच. मुलगी बराच वेळ बसली. मग तहान लागली म्हणून उठून नळावर गेली, पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. आई आली नाही. मुलीच्या मनानं घेतलं की आपण नळावर होतो तेवढ्यात आई येऊन गेली. आपण उठलो म्हणून ती गेली. तेव्हापासून बस म्हटलेल्या जागेवरून ती उठत नव्हती.

"तुम्ही तिला सोडायला आलात त्या दिवशी," ती म्हणाली, "ती संध्याकाळपर्यंत त्या बाकावर होती. जेवली नाही, पाणी प्यायली नाही. कपडे खराब झाले तरी उठेना. मावशी आलेच म्हणाल्यात, एवढंच म्हणत होती. पुढं महिनाभर सकाळी उठली की तिथंच जाऊन बसायची. हे सगळं तिनं मला सांगायला इतके दिवस लागले. तुम्हाला दोष द्यायला नाही फोन केला. तिला अजून काय काय झालं होतं ते मला माहीत करून घ्यायचंय."

मी तिला कट्ट्याचं सांगितलं. शाळेचंही सांगितलं. माझा मोठा आवाज बारीक होत गेला, हे मला सांगता सांगता कळत होतं. ती लिहून घेत होती. फोन ठेवल्यावर मी आजींना शोधायला स्वयंपाकघरात गेले, आणि मग आठवलं की जागा बंद झाली तेव्हा आजीही गावी गेल्या होत्या. त्यांना एवढं तरी सांगायचं होतं की तुमचं बरोबर होतं. ते राहूनच गेलं.

मग मी शिरूरला लगेच गेले असेन, असं कोणाला वाटेल. मी गेले नाही. आधी बालगृहाच्या नवीन इमारतीची कामं होती. मग मुलीचं लग्न निघालं. मग गुडघे दुखायला लागले. सुट्टीला न्हावऱ्याला घरी जायचेच, आणि तिथून शिरूर ते काय, दिवसभर गाड्या चालू असतात, भाजी घ्यायला लोक जाऊन येतात. मी दीड वर्ष गेले नाही. मला भीती वाटत होती, दुसरं काही नाही. बाकावर बसलेल्या मुलीसमोर उभं राहायची भीती.

शेवटी निवृत्त झाल्यावर गेले. आधी परवानगीचा अर्ज केला, समुपदेशक ताईशी बोलले. ती म्हणाली, "या. पण एक करा. ती जे विचारेल त्याचं खरं उत्तर द्या. समजूत घालू नका. खरं उत्तर."

तोच बाक पडवीत होता. मला आत बसवलं. मुलगी आली. उंच झाली होती, तेल लावून घट्ट वेणी घातलेली, अंगात शाळेचा ड्रेस. अधीक्षक बाई तिला "बस" म्हणाल्या. ती बसली नाही. खिडकीपाशी गेली, बाहेर काहीतरी बघितलं, मग स्वतःच एक खुर्ची ओढली आणि माझ्यापासून जरा लांब बसली. तिला एवढं यायला किती गुरुवार लागले असतील, आणि माझ्याकडे असताना किती वाया गेले होते, याचा हिशोब माझा मला होत होता.

मी येताना गाडीत सगळं जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काही आलं नाही. "माझं चुकलं गं," एवढंच म्हणाले.

ती वेणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. मग म्हणाली, "त्या दिवशी तुमी कुठल्या दारानं गेला?"

मला वाटलं नव्हतं ती हे विचारेल.

"मागच्या," मी म्हणाले. "स्वयंपाकघराच्या."

"मी फाटकाकडंच बघत हुते," ती म्हणाली. "सारखी. एकदाच मान वळवली, मांजर आलं हुतं बाकाखाली. मला वाटलं तेवढ्यातच तुमी गेला. हाक मारली आसंल, मला आयकू आली न्हाई."

"नाही गं. मी हाक मारलीच नाही."

"मांजराकडं बघितलं नसतं तर?"

"तरीही गेले असते. मी ठरवूनच आले होते. तुझ्या मांजराचा काही संबंध नाही. तू बाकावर बसलीस काय आणि नाचलीस काय, मी जाणारच होते. मी तुझ्याशी खोटं बोलले."

तिनं मान हलवली. बोट थांबलं होतं. मला दिसत होतं की ती आता इथं नव्हती, दौंडच्या त्या नळापाशी होती. मग ती हळूच म्हणाली, "म्हंजी मी पाण्याला उठले नसते, तरी..."

तिच्या आईचं मला काय माहीत? ती बाई परत आली होती की नाही, तिचं काय झालं, मला काहीच माहीत नव्हतं. "ते मला माहीत नाही," मी म्हणाले. "पण तू तहान लागली म्हणून उठलीस. तहान लागल्यावर उठावंच." एवढं बोलतानाही मला वाटत होतं की हे मी पहिल्या वर्षी म्हणाले असते, शाळेतल्या त्या ओल्या फरशीवर म्हणाले असते, तर ते औषध झालं असतं. आता ती ते दुसऱ्या कोणाकडून शिकली होती.

ती उठली. "माझा अभ्यास ऱ्हायलाय," म्हणाली. मग दारात थांबली. "तुमी ह्या दारानं जा. पुढच्या. मी बघते."

मी पिशवी घेतली आणि पडवीतून उतरले. फाटकापाशी जाऊन मागं वळले. ती पायरीवर उभी होती आणि माझ्याकडेच बघत होती. आमच्याकडं निघताना "जाते" म्हणू नये, "येते" म्हणावं, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. मी माझा तो मळ्यातला मोठा आवाज लावला आणि म्हणाले, "मी जाते गं!"

तिनं हात वर केला नाही. फक्त मान हलवली, ऐकलं म्हणून. मी फाटकाची कडी लावून परत बघितलं तोवर ती आत निघून गेली होती, कोणी सांगायची वाट न बघता.